त्यांच्या तोंडी उरलेला शब्द

ईस्टरनंतरच्या आठवड्यात, एका सकाळी दाढी करता करता माझ्या नवऱ्याला पक्षाघात झाला. मी शाळेत जायच्या गडबडीत होते. पोलादपूरची गाडी चुकली तर पुढचं सगळं बिघडतं, म्हणून डबा भरत होते. न्हाणीघरातून तांब्या पडल्याचा आवाज आला. "सांडलं वाटतं," असं मी मोठ्याने म्हटलं. उत्तर आलं नाही. जाऊन बघते तर हे भिंतीला टेकून खाली बसलेले, अर्ध्या गालाला साबण, आणि उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा पडलेला. "काय झालं हो?" मी विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि काहीच बाहेर आलं नाही. तेव्हाचे त्यांचे डोळे मी अजून विसरलेले नाही. घाबरलेले नव्हते ते. चकित झालेले होते, जसा एखादा नळ सोडावा आणि पाणी येऊ नये.

आम्ही मूळचे नगरकडचे. हे महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, मला पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या शाळेत नोकरी मिळाली, आणि घाटाखालीच आयुष्य गेलं. मुलगी इथेच वाढली, लग्न होऊन नाशिकला गेली. महाडात ख्रिस्ती घरं अगदी थोडी. दवाखान्यातल्या दोन नर्स, बँकेतला एक जण, कारखान्यातली काही कुटुंबं. आमच्या मंडळीला स्वतःचं मंदिर नाही. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा पनवेलहून येतात. बाकीच्या रविवारी उपासना आमच्याच पुढच्या खोलीत व्हायची आणि ती हे चालवायचे.

उपदेश करणं ह्यांना जमत नसे. वचन वाचायचे, चार वाक्यं बोलायचे, मग चष्मा काढून प्रार्थनेला लागायचे. प्रार्थना मात्र लांबलचक. सुरुवात ठरलेली असे: "उपकार, बापा." आणि मग एकेक गोष्ट. पाणी आलं त्याबद्दल उपकार. अमक्याच्या मुलीला नोकरी लागली त्याबद्दल उपकार. एकदा आमच्या पाण्याच्या मोटरीचा वॉशर बाजारात मिळाला त्याबद्दलही उपकार मानले होते, तेव्हा मुलीला हसू आवरेना आणि मी तिला कोपराने ढोसलं होतं. मला स्वतःला त्या प्रार्थनेचा कंटाळा यायचा. आतल्या खोलीत डाळ शिजत असायची आणि ह्यांचं मंडळीतल्या एकेका घरासाठी उपकार मानणं संपत नसे. पण त्या माणसाला खरोखरच तसं वाटायचं. रस्त्याने चालतानाही वाटायचं. मला तसं कधी वाटलं नाही, आणि त्याची मला फारशी खंतही नव्हती. घरात एक जण उपकार मानतोय, तेवढं पुरे, असं मी धरून चालले होते.

महाडच्या दवाखान्यातून त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथे पाचव्या की सहाव्या दिवशी, मी त्यांचे पाय पुसत असताना, स्पष्ट आवाज आला.

"उपकार."

मी पंचा टाकून त्यांच्या तोंडाजवळ वाकले. "काय म्हणालात? परत म्हणा."

"उपकार," ते म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्रास दिसला. मान हलवून ते परत म्हणाले, "उपकार. उपकार!" डावा हात ते टेबलाकडे नेत होते. टेबलावर पाण्याची बाटली होती.

डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगणारे. ते म्हणाले, "मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावला गेलाय. काही पेशंटांना एकच शब्द राहतो. त्यांना वाटतं आपण बरोबर बोलतोय, पण बाहेर तोच येतो. बहुतेकांच्या तोंडी शिवी राहते, ताई. तुमचं नशीब चांगलं."

शेजारच्याच खाटेवर त्याचा दाखला होता. वरंधच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक वाडी आहे, तिथला म्हशी-शेळ्या राखणारा माणूस. त्यालाही पक्षाघातच. त्याच्या तोंडी आईवरून एक शिवी राहिली होती आणि दिवसभर तो तीच देत असे. नर्सला, डॉक्टरला, सलाईनच्या बाटलीला, बायकोला. बायको माझ्याच वयाची, बारीक चणीची, कपाळाला मोठं कुंकू. ती बिचारी दर वेळी पदर तोंडाला लावायची आणि सगळ्यांना सांगत बसायची, "तसं नव्हतं हो माणूस. म्हशीलासुदीक कदी शिवी नाय दिली."

आमच्या मंडळीतले लोक भेटायला यायचे. ह्यांच्या खाटेभोवती उभे राहायचे. हे म्हणायचे, "उपकार." की सगळ्यांचे डोळे भरायचे. "बघा, अशा दुखण्यातही काय विश्वास!" असं म्हणत ते जायचे. ती डोंगरावरची बाई हे बघायची. एक दिवस मला म्हणाली, "तुमचं बरं हाय गो बाय. देवाचं तरी नाव हाय तोंडात. आमचं बघ."

मी हसले. पण खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा. तिचा नवरा शिवी द्यायचा तेव्हा त्याच्या मनात शिवीच असायची. चिडलेला माणूस चिडलेला दिसायचा. माझा माणूस तहानलेला असायचा, दुखत असायचं त्याला, लाज वाटत असायची, आणि तोंडातून यायचा आभाराचा शब्द. लोक त्या शब्दाला हात जोडून निघून जायचे आणि पाण्याची बाटली तशीच लांब राहायची.

घरी आणलं. मुलगी महिनाभर राहिली, तिला तिचा संसार, ती गेली. मी आधी रजा घेतली, मग नोकरीच सोडली. पुढच्या खोलीत, जिथे उपासना व्हायची, तिथे खाट टाकली. सकाळी अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, हातापायांचे व्यायाम, चादरी. पाठीला एक जखम झाली होती, ती धुणं. हे सगळं करताना तो शब्द चालूच. चादर ओली झाली की "उपकार". घास फार गरम असला की "उपकार". मी जोरात कूस बदलली आणि खांदा दुखला की कळवळून "उपकार!" पहिले काही दिवस मी त्यांच्याशी बोलायचे, हे हवं का, ते हवं का विचारायचे. मग माझंही बोलणं कमी झालं. आयुष्यभर त्यांनी मला "अगं" म्हणून हाक मारली. नावाने कधी नाही. ते "अगं"ही गेलं होतं. मला हाक मारायची तरी "उपकार".

एकदा चादर बदलून पाच मिनिटं झाली नसतील, परत ओली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उपकार." मी ओरडले, "कसले उपकार? कुणाचे? गप्प बसा!" ते गप्प बसले. दुपारपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. ते कळल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला डोकं टेकून उभी राहिले. प्रार्थना करावी असं वाटलं आणि सुरुवातीला कुठला शब्द घ्यायचा तेच कळेना. आमच्या घरातल्या प्रार्थनेला एकच सुरुवात होती आणि तो शब्द मला नकोसा झाला होता.

पाऊस लागला. महाडात राहणाऱ्याला पावसात एक कान नदीकडे ठेवावा लागतो. जुलैत एका सकाळी नगरपालिकेचा भोंगा वाजला, सावित्रीचं पाणी वाढतंय म्हणून. दासगावकडून फोन यायला लागले की खाडीलाही भरती आहे, पाणी उतरायचं नाही. आमचं घर खालचं. लोक सामान वर चढवत होते. मी पुढच्या खोलीत उभी राहून खाटेकडे बघत होते. तांदळाचा डबा वर नेता येतो, गॅसची टाकी नेता येते. एवढा मोठा माणूस मी कसा नेणार?

शेजारच्या बाई आल्या. बाईंबद्दल सांगायला हवं. त्या कापड्याच्या शाळेत माझ्या आधीपासून होत्या, पहिलीचा वर्ग आयुष्यभर त्यांनीच घेतला, आणि माझ्या आधी निवृत्त झाल्या. बौद्ध आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला बाई म्हणतात. इतक्या वर्षांत एकमेकींना अरेतुरे करायचं राहूनच गेलं.

"उभ्या काय राहिलात, बाई?" त्या म्हणाल्या. "प्लास्टिकची खुर्ची कुठाय?" त्यांचे दोन पुतणे मागे आलेच होते. त्यांनी ह्यांना खुर्चीत बसवलं, छातीला धोतराने बांधलं आणि खुर्चीसकट जिन्यावरून वर नेलं, बाईंच्या माळ्यावर. वर टेकवल्यावर हे त्या पोरांकडे बघून म्हणाले, "उपकार."

"उपकार कसले, काका?" थोरला म्हणाला.

त्या वेळी तो शब्द खरा होता का, की त्यांचा पाय मुडपला होता म्हणून ते तसं म्हणाले, हे मला आजही सांगता येणार नाही. मी पाय सरळ केला. पाणी अंगणापर्यंत आलं आणि दुसऱ्या दिवशी ओसरलं. चिखल काढण्यात पुढचा आठवडा गेला. त्या पावसात माझी प्रार्थना बंद पडली. ठरवून नाही. एखादं घड्याळ बंद पडतं आणि चार दिवसांनी लक्षात येतं, तसं झालं.

बाई रोज दुपारी यायला लागल्या. म्हणायच्या, "तुम्ही आडव्या व्हा, मी बसते ह्यांच्यापाशी." मी आत जाऊन पडायचे. झोप लागली तर लागायची. बाहेरून बाईंचा आवाज ऐकू यायचा, पहिलीच्या वर्गातला. "हे काय? घर. घ-र. म्हणा." आणि ह्यांचा आवाज, "उपकार." "बरं. हे काय? बस." "उपकार." बाई कधी चिडल्या नाहीत. मला म्हणायच्या, "बाई, माझ्या वर्गात एक मुलगी दिवाळीपर्यंत नुसती 'क' म्हणायची. पुढे ग्रामसेविका झाली."

भाताची कापणी झाली की आमच्याकडे उपकारस्तुतीचा रविवार असतो. घाटावर असताना आमचं देऊळ त्या दिवशी ज्वारीच्या कणसांनी भरून जायचं. इथे बहुतेक नोकरदार, तरी कुणी नवे तांदूळ आणतं, कुणी भोपळा, कुणी नारळ, कुणी कोंबडीची अंडी. दरवर्षी आमच्याच घरी असायचं. या वर्षी दुसरीकडे करा, असं मी म्हणणार होते. पण पाळकसाहेबांचा फोन आला, "बाई, भावाला घरातून हलवता येणार नाही, म्हणून तुमच्याकडेच करू या. त्यांनाही बरं वाटेल." मंडळीत सगळे एकमेकांना भाऊ-भगिनीच म्हणतात, तसे हेही त्यांचे भाऊ. मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

मी सकाळी ह्यांना आंघोळ घातली, पांढरा सदरा घातला, चाकाच्या खुर्चीत बसवून दाराजवळ ठेवलं. लोक आले. टेबलावर भोपळा, तांदूळ, नारळ मांडले. गाणी झाली. मग पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. चांगले आहेत ते, मनापासून बोलतात. पण त्या दिवशी बोलता बोलता त्यांनी ह्यांच्याकडे हात केला.

"आपल्या या भावाकडे बघा. यांची सगळी भाषा गेली. चालणं गेलं, काम गेलं. आणि शब्द राहिला तो कोणता? आपण धडधाकट माणसं दिवसातून किती वेळा हा शब्द उच्चारतो?"

सगळ्यांनी माना वळवल्या. नेमकं त्याच वेळी हे म्हणाले, "उपकार."

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं. एक नर्स डोळे पुसायला लागली. हे माझ्याकडे बघत होते. परत म्हणाले, "उपकार," आणि डावा पाय थोडा हलवला. मला तो आवाज माहीत होता. महिनोन् महिने दुसरं काही ऐकलंच नव्हतं मी.

पाळकसाहेब म्हणाले, "आणि आता आपल्या भगिनी साक्ष देतील. या वर्षात देवाने त्यांना कसं सांभाळलं, ते त्या सांगतील."

मी उठले. साक्ष कशी द्यायची ते मला माहीत होतं. चाळीस वर्षं ऐकत आले होते. दुखणं आलं, देवाने सामर्थ्य दिलं, त्याच्या नावाची स्तुती असो. दोन मिनिटांत संपलं असतं. पण माझ्या तोंडून वेगळंच निघालं.

"ह्यांना लघवीला जायचंय," मी म्हटलं.

मग मी लोकांकडे वळले.

"हे उपकार मानत नाहीयेत. ह्यांना जायचंय, आणि तेवढं सांगता येत नाही म्हणून ते तसं म्हणतायत. तुम्ही सगळे येता, ऐकता, डोळे पुसता आणि जाता. ह्यांना तहान लागली की हे उपकार म्हणतात. मी ओरडले की उपकार म्हणतात. त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. मी तर उपकार मानतच नाही. मला झोप हवीय. साक्ष एवढीच आहे."

आणि मी खाली बसले. मग बँकेतला भाऊ उठला, जो सगळ्यांत कमी बोलतो तो. ह्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "चला दादा." खुर्ची ढकलत त्यांना आत न्हाणीघराकडे घेऊन गेला. ते दोघं परत येईपर्यंत सगळे तसेच बसून राहिले. पाळकसाहेबांनी छोटीशी प्रार्थना केली. चहा झाला. लोक हलक्या आवाजात बोलत होते, मयताच्या घरी बोलतात तसे. मी सगळ्यांचा सण बिघडवला होता.

कपबशा धुवत असताना पाळकसाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं? मीच काहीतरी बोलून बसले."

"नाही. मी त्यांचा दाखला केला. त्यांना विचारलं नाही, तुम्हालाही नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला प्रार्थना करता येते का अजून?"

असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

"कधीपासून?"

"पावसापासून."

मला वाटलं आता वचन सांगतील. ते म्हणाले, "मग नका करू. तुमच्या वाटची आम्ही करतो. मंडळी आणखी कशाला असते?" आणि टेबलावरचा पंचा उचलून त्यांनी बशा पुसायला घेतल्या. पुसता त्यांना नीट येत नव्हत्या, सगळ्या ओल्याच राहिल्या, पण मी तशाच रचून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंना हे सांगितलं. त्या हसल्या. "भिंतीपलीकडून मी सगळं ऐकलं, बाई. आमच्याकडे हे एक बरं आहे, देवच नाही, त्यामुळे मला कुणी साक्ष द्यायला उभं करत नाही." मग म्हणाल्या, "पण तुमचे साहेब बरे निघाले. बशा पुसणारा मी पहिलाच पाहिला."

त्या रविवारनंतर मंडळीतले लोक येत, पण वेगळे येत. नर्सपैकी एक जण संध्याकाळी घरी जाताना जखम धुऊन जायची. बँकेतला भाऊ रविवारी ह्यांची दाढी करायचा. कुणी डोळे पुसत नसे. दाढी करताना हे "उपकार" म्हणाले तर तो विचारायचा, "काय दादा, पातं लागलं का?" मी बरी झाले नाही एवढ्याने. सकाळी उठताना अंग दगडासारखं असायचं. पण जखम भरत आली.

नाताळ होऊन गेल्यावर एका बाजारच्या दिवशी दारात कुणीतरी उभं राहिलं. मी लगेच ओळखलं नाही. कपाळ मोकळं होतं. मग ओळखलं, वरंधच्या डोंगरावरची ती बाई. विचारत विचारत आली होती. हातात बरणी, त्यात तूप.

"बस," मी म्हटलं. "कधी झालं?"

"पावसात," ती म्हणाली. "आजार वाढला. घाटातली दरड आली, रस्ता बंद. खाली आणायचं कसं? डोलीत घालून माणसं निघाली व्हती, अर्ध्यातनं मागं आली." ती खाली बघत होती. "मी रोज म्हणायची, देवा, ह्याचं तोंड बंद कर. पोरासोरांदेखत शिव्या देतोय. मंग शेवटचे दोन दिस शिवी नाय दिली त्यानं. मी हलवला, म्हटलं, दे की रं. दे एकडाव. नाय दिली. तवा मी समजली."

मी तिच्या हातातली बरणी घेऊन बाजूला ठेवली. हे खाटेवरून बघत होते. त्यांनी तिला ओळखलं असावं. म्हणाले, "उपकार."

ती उठून खाटेजवळ गेली. "व्हय दादा," ती म्हणाली. "बोला. बोलत रावा."

तिला चहा दिला. ती परतीच्या गाडीला निघाली. तिच्यामागे दार लावून मी ह्यांच्यापाशी बसले. त्यांनी परत तो शब्द म्हटला, आणि त्यांना काय हवंय ते मला कळलं नाही. तांब्या दिला, नको होता. पांघरूण ओढलं, तेही नाही. मी तशीच बसून राहिले. त्यानंतर मला राग यायचा थांबला, असं काही झालं नाही. दुसऱ्याच दिवशी मी चादरीवरून चिडले. पण "गप्प बसा" हे मी परत कधी म्हटलं नाही. ते मला जमलंच नसतं.

आणि मग लापशीची गोष्ट. दवाखान्यातून आल्यापासून मी ह्यांना दुपारी लापशी भरवत होते. मऊ, पातळ, घशात अडकायची नाही अशी. डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलं होतं, ते मी तसंच चालू ठेवलं. त्या दुपारी बाई त्यांची चित्रं घेऊन खाटेजवळ बसल्या होत्या. मी वाटी घेऊन आले, चमचा तोंडाजवळ नेला. ह्यांनी ओठ मिटले. मी म्हटलं, "घ्या, उशीर होतोय." त्यांनी डाव्या हाताने चमचा बाजूला केला. कपाळावर आठ्या, गळ्याची शीर ताठलेली. "न..." असा आवाज आला. मग थांबले. मग परत.

"नको."

बाईंच्या हातातलं चित्र खाली पडलं. "काय म्हणालात?"

"नको," हे म्हणाले. स्वतःच चकित झाले होते.

मी खाटेवर बसले. वाटी हातातच होती. "लापशी नको?"

"नको."

"पाणी हवं?"

"उपकार."

"चहा करू?"

"उपकार."

"आणि लापशी?"

"नको!" असे ओरडले की रस्त्यावर ऐकू गेलं असेल. बाई हसायला लागल्या. मग मी. मग हेही, त्या अर्ध्याच हलणाऱ्या तोंडाने, खांदे हलवत. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "इतके महिने बिचारा सांगत होता, तुमची लापशी बेचव आहे म्हणून!"

मी वाटी घेऊन आत गेले. लापशी मोरीत ओतली. नळ सोडला. आणि मग ओट्याला धरून उभी असतानाच मी म्हटलं, "उपकार, बापा. ह्यांनी नको म्हटलं." एवढंच. पुढे काही सुचलं नाही, आणि ओढूनताणून मी काही जोडलं नाही. मला जे वाटलं होतं ते तेवढंच होतं. इतके दिवस त्या खाटेवर मी एक अंग सांभाळत होते. आज तिथल्या माणसाने मला नकार दिला होता. माझ्याशी भांडायला कुणीतरी परत आलं होतं. ह्यांना वॉशर मिळाल्यावर जसं वाटायचं, ते कदाचित हेच असेल. मला सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मऊ भातात सुकट घालून, बारीक कुस्करून, वरून ते डोंगरावरचं तूप घालून दिलं. सगळं संपवलं.

आता वर्ष उलटून गेलंय. दोन-चार शब्द आणखी आले आहेत. "हो" अजून येत नाही, "बस" येतो, "बाई" येतो, आणि तो मला की शेजारच्यांना ते आम्ही ठरवून घेतो. वॉकर धरून ते दारापर्यंत जातात. उजवा हात तसाच आहे, तो तसाच राहणार. डॉक्टरांनी सांगितलंय की आणखी फार आशा धरू नका, आणि मी धरत नाही. थकवा आहेच. काही दिवशी प्रार्थना होते, काही दिवशी होत नाही, आणि ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी पनवेलला कुणीतरी माझ्या वाटची करत असतं, असं मी धरून चालते.

मागच्या रविवारी पाळकसाहेब आले होते. प्रार्थनेच्या वेळी त्यांनी ह्यांच्याजवळ वाकून हळूच विचारलं, "भाऊ, सुरुवात तुम्ही करता का?"

"नको," हे म्हणाले.

लोक हसले, पाळकसाहेबही हसले. बँकेतल्या भावाने प्रार्थना केली. त्याला सवय नाही, तो अडखळत, शोधत शोधत बोलत होता. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. बाहेर ऊन होतं, पंखा फिरत होता, आणि ऐकता ऐकता माझा डोळा लागला. चहा होईपर्यंत कुणी मला उठवलं नाही.